एकटीच्या बाल्कनीतली खुर्ची

या मित्रांनो, जवळ या. लांब उभे राहून ऐकण्यासारखी ही कथा नाही. लहानांनी पुढे बसावे, मोठ्यांनी त्यांच्या मागे, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याने भिंतीला टेकावे. देवाचे नाव घेऊन सुरुवात करते. आज मी तुम्हाला एका गळ्याची कथा सांगणार आहे. पण आधी माझी ओळख सांगू द्या, कारण सांगणारा कोण हे कळल्याशिवाय ऐकणाऱ्याचे मन थाऱ्यावर बसत नाही.

मी एक जुनी खुर्ची आहे. नाईलवरच्या एका प्रवासी जहाजावर, एकट्या माणसासाठी असलेल्या खोलीच्या बाल्कनीत माझ्या उमेदीची सगळी वर्षे गेली.

माझा जन्म दमियातचा. तिथे गल्लीगल्लीत रंधा चालतो, आणि सकाळचा चहा पोटात जाण्याआधी लाकडाचा भुसा नाकात जातो. ग़रीब उस्ता नावाच्या मिस्त्रींनी मला घडवले. माझे लाकूड समुद्रापलीकडून आलेले होते, वेत मात्र त्यांच्या बायकोने विणला. काम संपले तेव्हा उस्तांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मेहुण्याला म्हणाले, "हिची पाठ मी जरा कलती ठेवलीय. ताठ खुर्चीत माणूस हिशेब करत बसतो. कलत्या खुर्चीत अल्लाचं नाव घेतो."

"आणि घोरतो," मेहुणा म्हणाला.

दोघेही बरोबर होते, हे मला पुढे कळले.

आम्ही पुष्कळ खुर्च्या एका ट्रकमधून दक्षिणेला गेलो. जहाजावरच्या बाल्कन्यांत माझ्या बहिणी दोन-दोन बसल्या, मध्ये एक छोटे गोल टेबल. मी मात्र एकटी उरले. जिन्याच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती. बहुधा नकाशा काढणाऱ्याच्या हिशेबात उरलेली जागा. तिथे एक पलंग, एक उशी, एक पेला आणि बाल्कनीत एक खुर्ची एवढेच मावत होते. पहिले काही दिवस मला फार वाईट वाटले. शेजारच्या बाल्कनीतून गप्पा ऐकू यायच्या, कपबश्या वाजायच्या. माझ्याकडे फक्त काठावरची खजुरीची झाडे सरकत यायची आणि सरकत जायची.

मग हळूहळू माझ्या लक्षात आले की माझ्यावर बसणारी माणसे निराळी असतात. एक परदेशी बाई दिवसभर बगळे बघायच्या आणि बगळा उडाला की स्वतःशीच "शाबास" म्हणायच्या. एक न्यायाधीश बूट काढून पाय कठड्यावर ठेवायचे, दार वाजले की घाईघाईने बूट घालून मगच "कोण आहे?" म्हणायचे. एका गृहस्थांनी आपली सिगारेट माझ्या उजव्या हातावर विझवली. तो डाग अजून आहे. पण बहुतेक माणसे चांगली होती. उतरताना कितीतरी जणांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आहे. दोघांच्या खुर्च्यांकडे कोणी असे बघत नाही. त्या दोघांना बघायला एकमेकांचे तोंड असते.

खोली आवरायला शाज़ली यायचा. अस्वानच्या पश्चिम काठावरचा नूबी माणूस, लांबसडक, मऊ आवाजाचा, केसांत पांढरे आलेले. तो रोज सकाळी माझ्यावरचे दव आणि धुराड्याची काजळी ओल्या फडक्याने पुसायचा. टॉवेलांच्या घड्या घालून त्याचे हंस करायचा. पलंगावर एकच हंस ठेवणे मात्र त्याच्या जिवावर यायचे. "एकटाच बसवू का तुला?" असे त्या टॉवेलालाच विचारायचा आणि उशीचा अभ्रा काढून दुसरा करायचा.

हा झाला पूर्वरंग. आता कथा लागते.

हिवाळ्यात शाळांना सुटी पडली की आमच्या जहाजावर परदेशी माणसे कमी आणि घरची माणसे जास्त असत. खालच्या डेल्टाकडची कुटुंबेच्या कुटुंबे यायची. आजी, सुना, पोरेबाळे, डबे, बरण्या. अशाच एका सुटीत लक्सरच्या धक्क्यावर माझ्या खोलीत सित्त इनशिराह, म्हणजे इनशिराहबाई, आली.

मीत ग़म्र गावची बाई. साठी उलटलेली, अंगावर काळा पायघोळ झगा, हातात एक जुनी बॅग आणि घरच्या तुपातल्या फ़तीरची, म्हणजे पापुद्र्यांच्या पोळ्यांची, टोपली. आत आल्यावर तिने दार लावले. थोडी थांबली. दार उघडले आणि पुन्हा लावले. दार लागल्याचा आवाज तिला आवडला असावा. मग बाल्कनीत येऊन माझ्यावर बसली, चपला काढल्या आणि एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या वेताची वीण करकरली.

तेवढ्यात फोन वाजला. तिचा मुलगा रुश्दी.

"अम्मा, एकटीच्या खोलीत कशाला राहिलीस? दोघींच्या खोलीत जागा होती ना!"

"दुसरी बाई घोरते."

"कोण दुसरी बाई?"

"जी कोणी असती ती."

"अम्मा, लोक काय म्हणतील? मुलं-सुना असताना..."

"लोकांना सांग, अम्मा हवा बदलायला गेलीय. ठेव आता. इथे फोन पाण्यात पडतात." आणि तिने फोन उशीखाली सारला.

एकटे बसलेले माणूस आपल्या मेलेल्या माणसांशी बोलते. माझ्यावर बसून पुष्कळांनी असे बोलून घेतले आहे. सित्त इनशिराहही बोलली. तिचा नवरा शेख ज़ीदान नबीच्या स्तुतीची पदे गाणारा होता. गावोगावच्या उरुसांत त्याचे गाणे व्हायचे. त्याला जाऊन बरीच वर्षे झाली होती. ती पाण्याकडे बघून त्याला म्हणाली:

"ज़ीदान, मी आले बघ. मंगळवारी मन्सूऱ्याच्या इस्पितळात माझ्या गळ्यातली गाठ काढणार. डॉक्टर म्हणाला, आवाज राहील, नाहीतर घोगरा होईल, नाहीतर जाईलही. मी म्हटलं, बरं. त्याला वाटलं बाई धीराची आहे. त्याला काय ठाऊक! तू ओसरीवर पदं घोकायचास, मी पडद्याआड द्राक्षाच्या पानांत भात भरत असायचे. तू अडलास की मी आतून पुढचा चरण सांगायचे. तू लोकांना म्हणायचास, माझं पाठांतर स्वयंपाकघरात आहे. पण मोठ्यानं मी कधी म्हटलंय का? घरात तू, मग तुझी आई, मग पोरं, मग पोरांची पोरं. एकदाच, ज़ीदान. पूर्ण पद, पहिल्यापासून शेवटपर्यंत, भरल्या गळ्यानं. ओळखीचं कोणी ऐकणार नाही अशा जागी. गळा माझा आहे, तो जाण्याआधी मला एकदा वापरू दे."

मित्रांनो, आता तुम्हाला कळले, तिला ही खोली कशासाठी हवी होती. हे जहाजावर फक्त मला माहीत होते, आणि मला तोंड नाही.

लक्सरला गाणे शक्यच नव्हते. तिथे जहाजे धक्क्याला एकाला एक खेटून उभी राहतात. आमच्या शेजारी दुसरे जहाज लागले, आणि त्याच्या बाल्कनीतला एक टकला गृहस्थ हातभर अंतरावरून तिला म्हणाला, "साखर आहे का हो जास्तीची?" तिने साखर दिली आणि आत गेली. जहाज चालू लागले की मग गाता येईल, असे तिने ठरवले.

जहाज चालू लागले. सित्त इनशिराह बाल्कनीत आली. घसा खाकरला. आणि दार वाजले.

दारात शाज़ली, हातात दोन टॉवेल-हंस. आमच्याकडे वयस्क बाईला मानाने हाज्जा म्हणतात. "हाज्जा, तुमचे यजमान कुठल्या खोलीत आहेत? त्यांचा हंस..."

"यजमान नाहीत. मी एकटीच आहे."

शाज़लीचा चेहरा असा झाला की जणू जहाजाला भोक पडले. "एकट्या? बरोबर कोणीच नाही? मुलगी, सून, शेजारीण?"

"कोणी नाही, बाबा. मजेत आहे."

पण आमच्याकडे मित्रांनो, एकटे माणूस मजेत आहे असे कोणी मानत नाही. ते भुकेले आहे, आजारी आहे किंवा घरच्यांनी टाकलेले आहे, असेच समजतात. थोड्या वेळाने शाज़ली परत आला तो कुठून तरी माझी एक बहीण घेऊन. ती त्याने माझ्या शेजारी कोंबली. आता बाल्कनीत पाय ठेवायलाही जागा उरली नाही. "निदान समोर रिकामं तरी दिसणार नाही," तो म्हणाला. रिकामी खुर्ची ठेवून रिकामेपण कसे जाते, हे मला आजपर्यंत समजलेले नाही.

मागाहून माझ्या कानावर आले, की जेवणाच्या वेळी व्यवस्थापकाने तिला एका कोपऱ्यातल्या टेबलावरून उठवून भरल्या टेबलावर बसवले. ते टेबल होते शेजारच्या खोलीतल्या तहानीचे. तहानी ज़गाज़ीगची, नवरा, मुले आणि सासू यांना घेऊन आलेली. बाई मनाने सोन्यासारखी, पण आवाज असा की काठावरची गाढवे मान वर करून बघत. तिची आणि माझी बाल्कनी शेजारी-शेजारी, मध्ये फक्त एक पातळ फळी. त्या दिवसापासून तहानीने सित्त इनशिराहला आपल्या अंगावरच घेतले.

"मावशी! एकट्या बसलात? आम्ही काय मेलो होतो का?"

"मरू नका गं बाई, जगा. पण तिकडे जगा."

तहानी खदखदून हसली. तिला वाटले, मावशी विनोदी आहेत. ती आत आली, माझ्या बहिणीवर बसली आणि मांडीवर भाजलेल्या बियांची पुडी सोडली. बियांची टरफले माझ्या पायाशी पडत राहिली. काठावरची शेते, पाणी उपसणारी यंत्रे, म्हशी, सगळे मागे गेले. अंधार पडला. गाणे झाले नाही.

इस्नाला धरणाच्या दरवाजाशी जहाजे रांगेत थांबतात, आणि होड्यांतून कापडवाले येतात. ते आधी माल वर फेकतात आणि मग भाव करतात. एक पिशवी उडत उडत आली ती थेट माझ्या मांडीवर.

"हाज्जा!" खालून आरोळी आली, "तुमच्याच मापाचा झगा आहे! लाल!"

"ह्या वयात लाल?"

"मग सुनेला द्या!"

"सुनेला दिला तर मुलगा मला घरात घेणार नाही!" तिने पिशवी नेम धरून परत फेकली. ती कापडवाल्याच्या डोक्यावर बसली, आणि तहानीच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. सित्त इनशिराह स्वतःही हसली. पण इस्नाच्या त्या गलक्यात गाणे कुठले?

इस्ना सोडल्यावर थोडी शांतता मिळाली. तहानी पोरांना घेऊन वरच्या डेकवर गेली होती. सित्त इनशिराह कठड्याला धरून उभी राहिली आणि पद मनात घोळवू लागली. आवाज नाही, नुसते ओठ. डावा हात कठड्यावर ठेका धरत होता. नजर खाली पाण्यावर. चरण आठवत नसे तिथे ती मान हलवून पुन्हा मागून यायची.

तेवढ्यात तहानी टोपी न्यायला खोलीत आली आणि फळीच्या पलीकडून डोकावली. तिने जे पाहिले त्याचा तिने तिच्या परीने अर्थ लावला. फळी पातळ होती. पुढचे सगळे मी ऐकले.

"शाज़ली, इकडे ये. ही बाई जीव देणार आहे."

"अल्ला न करो!"

"पाण्याकडे बघून पुटपुटत होती. ओठ असे चाललेले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"दुआ मागत असेल, बाईसाहेब."

"दुआ मागणारा माणूस वर बघतो. ही खाली बघत होती!"

"मग माशांसाठी मागत असेल," तहानीची सासू आतून म्हणाली.

"अम्मा, तुम्ही गप्प बसा. घरदार सोडून एकटी आलीय, फोन उचलत नाही, खोली एकटीची, बाल्कनी पाण्यावर. अजून काय सांगायचं असतं माणसानं?"

आणि मित्रांनो, पहारा सुरू झाला. हा पहारा प्रेमाचा होता, म्हणून तो मोडायला कठीण. एदफ़ूला सगळे देऊळ बघायला गेले तेव्हा तहानीने सासूला माझ्या बहिणीवर आणून बसवले. सासूबाईंनी ज़गाज़ीगमध्ये कोण कधी आणि कशाने वारले ते सुरुवातीपासून सांगितले. जहाज निघाले तसा शाज़ली अर्ध्या अर्ध्या तासाने यायचा. पाणी हवे का, पडदा धुऊ का, हंस वाकडा तर झाला नाही ना. संध्याकाळी तहानीची पोरे चादरी गुंडाळून नाच दाखवायला आली. सित्त इनशिराह कोणाला रागावली नाही. रागावणार कशी? सगळे तिच्यासाठीच करत होते. आणि खरे कारण तिला सांगता येत नव्हते. शेख ज़ीदानच्या विधवेने मोठ्याने गायचे, हे तिने स्वतःलाच इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हते, मग परक्यांना काय सांगणार?

फक्त एकदा, एकटी असताना, ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "ज़ीदान, इतकी गर्दी तर आपल्या घरीसुद्धा नव्हती रे."

कोम ओंबो आले. तिथून अस्वानपर्यंत शेवटचा टप्पा. अस्वानला पुन्हा जहाजाला जहाज लागणार, पुन्हा साखर मागणारे शेजारी, आणि मग आगगाडी, आणि मग मंगळवार. हे तिला माहीत होते, आणि मलाही.

दुपारची नमाज आटोपून तिने चहा घेतला. जहाजाने धक्का सोडला. ऊन उतरू लागले होते, वारा उत्तरेकडून मागून येत होता. सित्त इनशिराह उठली. तिने माझ्या बहिणीला दोन्ही हातांनी उचलले, खोलीतून ओढत नेले आणि दाराच्या कडीखाली तिरकी अडकवली. ओढून पाहिले. दार हलले नाही. तिला सोबत म्हणून आणलेल्या खुर्चीचा हा एवढा उपयोग झाला.

ती परत येऊन माझ्यावर बसते न बसते तोच दार वाजले.

"हाज्जा? पाणी आणलंय."

"नको, बाबा. नंतर."

शाज़लीने आपल्या किल्लीने कुलूप उघडले. दार बोटभरही सरकले नाही. मग त्याचा मऊ आवाज पार बदलला. "हाज्जा! दार उघडा! तुमच्या मुलांची शपथ आहे तुम्हाला!"

तहानी धावत आली. "काय झालं? आतून लावलं? अरे देवा! मावशी! ऐका माझं! आयुष्य गोड आहे हो!"

"मला माहीत आहे!" सित्त इनशिराह आतून ओरडली. "म्हणूनच दार लावलंय!"

"ऐकलंस? ऐकलंस कसं बोलते ती? तू दार ढकल, मी माझ्या बाल्कनीतून जाते!"

बाहेर शाज़लीचा खांदा दारावर आपटत होता. पलीकडे तहानीची पावले येत होती. आणि तेव्हा, आता नाही तर कधीच नाही असे जिला कळले होते, त्या बाईने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

"दाराशी आले तुझ्या, हात हे रिते;
ओंजळ दे आधी, मग पाणी मागते..."

पहिला शब्द फाटला. दुसरा अर्धाच आला. इतक्या वर्षांचे न उघडलेले दार होते ते, बिजागरी कुरकुरणारच. पण तिसऱ्या शब्दाला आवाज मोकळा झाला. मित्रांनो, मी कानाने ऐकत नाही. माझ्या कलत्या पाठीला तिच्या बरगड्या टेकलेल्या होत्या, आणि गाणे तिथून माझ्यात आले. गोड म्हणावा असा तो आवाज नव्हता. जाडसर होता, खालून येणारा, जसा नदीचा खालचा प्रवाह. पण सुरात होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. दारावरचे धक्के थांबले.

तुमच्या कीर्तनात बुवांनी चरण सोडला की टाळकरी तो उचलतात. आमच्याकडेही तसेच आहे. स्तुतीच्या पदात दोन चरणांनंतर नबीचे नाव येते आणि गाणारा थांबतो. ती जागा ऐकणाऱ्यांची. त्यांनी सलाम पाठवायचा, मगच गाणारा पुढे जातो. शेख ज़ीदान थांबायचा तेव्हा भरल्या मैदानातून तो सलाम उठायचा.

सित्त इनशिराहने नाव घेतले आणि ती थांबली. तिला तशीच सवय होती. पद तिने तसेच ऐकले होते. पण ती जागा रिकामी राहिली. इंजिनाचा घरघराट आणि वारा. तिने डोळे उघडले. मला वाटते, त्या क्षणी तिला पहिल्यांदा कळले, की एकटीने गायला जागा मिळाली खरी, पण हे पदच एकटीचे नाही. तिची पाठ माझ्यापासून सुटली. आता ही उठणार आणि पद तिथेच राहणार, असे मला वाटले.

तेव्हा पाण्यावरून आवाज आला.

"सलाम असो त्यांच्यावर! सलाम!"

खाली एक छोटी होडी होती. एक म्हातारा वल्ही मारत होता, दुसरा लांब काठी पाण्यावर आपटून मासे जाळ्याकडे हाकत होता. त्याने काठी हवेतच थांबवली होती आणि तोंड वर करून तो आमच्याकडे बघत होता. नाव कानावर आले होते. उत्तर न देता कसे राहायचे?

"हं, पुढे म्हण, बाई!" तो ओरडला. "थांबलीस का?"

सित्त इनशिराह पुन्हा टेकली. दुसरे कडवे सुरू झाले. होडीवाल्याने वल्ही उलटी मारून होडी जहाजाच्या कडेने ठेवली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती थांबली तेव्हा खालून दोघांचा सलाम आला, आणि त्याच वेळी माझ्या अगदी जवळून, फळीवरून, तिसरा. तहानी एक पाय कठड्यावर टाकून फळीला लोंबकळत होती. मावशींना वाचवायला निघालेली, आणि मध्येच अडकलेली. तिच्या तोंडून सलाम बाहेर पडला तो इतका हळू, की ही तहानीच का असे मला वाटले. तिसऱ्या कडव्याला तिच्या सासूचा आवाज मिळाला, चौथ्याला दाराबाहेरून शाज़लीचा.

म्हाताऱ्यांची होडी मागे पडत गेली. तरी प्रत्येक थांब्याला त्यांचा सलाम येतच राहिला, जरा उशिरा, पाण्यावरून घसरत. पश्चिमेचा काठ तांबडा झाला. शेवटचे कडवे संपले तेव्हा काठावरच्या कुठल्याशा गावातून सांजेची बांग झाली.

सित्त इनशिराह उठली, पाणी प्यायली आणि दाराखालची खुर्ची काढली. शाज़ली दारात उभा होता, खांदा चोळत. तहानी धापा टाकत आली, झग्याला काजळी लागलेली.

"मावशी, आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही." तहानीच्या तोंडून एवढा छोटा जबाब मी पहिल्यांदाच ऐकला. मग तिने विचारले, "असा गळा असून तुम्ही इतके दिवस गप्प बसलात?"

"मंगळवारी गळ्याला सुरी लावणार आहेत, पोरी. गाठ आहे. आवाज मागे राहील की नाही, ठाऊक नाही."

तहानीची सासू काठी टेकत पुढे आली. "मग अजून एक म्हण," ती म्हणाली. "आता आम्ही सगळे आहोत उचलायला."

सित्त इनशिराहने मान हलवली. "नाही, अम्मा. बरोबर एवढंच आणलं होतं."

शाज़ली माझ्या बहिणीला उचलून घेऊन गेला. त्या रात्री पलंगावर एकच हंस होता. अस्वानला लागेपर्यंत कोणी दार वाजवले नाही. तहानीने पोरांना सांगितले होते, मावशींच्या दारावरून जाताना चप्पल हातात घ्यायची. ती मात्र आपल्या बाल्कनीत फळीला पाठ लावून बसून राहिली, बिया न फोडता, हाक आली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. सकाळी सित्त इनशिराह उतरली. जाताना तिने टोपलीतली उरलेली फ़तीर फळीवरून पलीकडे दिली आणि माझ्या हातावरचा सिगारेटचा डाग अंगठ्याने पुसून पाहिला. तो काही निघाला नाही.

त्यानंतरही मी पुष्कळ वर्षे काम केले. मग माझा वेत मधोमध फाटला. नवीन खुर्च्या आल्या, प्लॅस्टिकच्या, एकावर एक रचता येणाऱ्या. मला मागच्या बाजूला दोरखंडांच्या ढिगात टाकले. पावसाचे भय आमच्याकडे नाही, पण उन्हाने माझा रंग उडाला, सांधे सैल झाले. शाज़ली निवृत्त झाला तेव्हा त्याने एकच वस्तू मागून घेतली. होडीत घालून मला पश्चिम काठावर नेले, दोरीने माझी बैठक विणली आणि आपल्या अंगणात ठेवले. आता तो माझ्यावर बसतो. बसला की घोरतो. दमियातचा मेहुणा अगदीच चुकला नव्हता.

सित्त इनशिराहचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. शाज़लीलाही नाही. मीत ग़म्रचा कोणी प्रवासी धक्क्यावर भेटला की तो अजून विचारतो, शेख ज़ीदानची विधवा कशी आहे, बोलते का? लोक म्हणतात, गाव मोठे आहे, काका, कोण कोणाला ओळखतो.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. घरातल्या जुन्या खुर्चीला टाकून देण्याआधी तिची बैठक एकदा विणून पाहा. एकटे बसलेले माणूस दिसले तर त्याच्यावर दया करायला धावू नका. त्याने काही काम काढलेले असेल. पण फार लांबही जाऊ नका. मध्येच ते थांबेल, तेव्हा उत्तर द्यायला कोणी तरी हवे.

आणि आज रात्री दिवा मालवण्याआधी, तुम्ही ज्या नावाने देवाला हाक मारता त्या नावाने, मीत ग़म्रच्या इनशिराहची आठवण करा. तिच्या गळ्यासाठी एक शब्द बोला. तो गळा राहिला असेल तर त्याला बळ मिळो, आणि गेला असेल, तर ती जिथे थांबली तिथून पुढचे तुम्ही म्हणा.